अधिकार कोणाचा?

एखादा नवा विचार पुढें आला कीं, तो खरा कीं खोटा हें पाहण्याआधीं तो सांगणारा कोण व त्याचा अधिकार काय, हें विचारण्याची खोड आमच्या समाजांत जुनी आहे. ती एकट्या आमचीच नव्हे, विद्येचें माहेरघर म्हणविणाऱ्या युरोपांतही ती होती, हें आल्फ्रेड वेगेनर ह्या जर्मन शास्त्रज्ञाच्या चरित्रावरून आमच्या वाचकांस दिसून येईल.

वेगेनरचा जन्म १ नोव्हेंबर १८८० रोजीं बर्लिन येथें एका धर्मोपदेशकाच्या घरीं झाला. त्यानें खगोलशास्त्राची पदवी मिळविली व पुढें तो हवामानशास्त्राकडे वळला. १९०६ सालीं आपला भाऊ कुर्ट याजबरोबर बलूनमध्यें सलग साडेबावन तास राहून त्यानें त्या काळचा उच्चांक केला. त्याच वर्षीं तो ग्रीनलंडच्या बर्फांत संशोधनार्थ गेला. भूगर्भशास्त्र हा त्याचा व्यवसाय नव्हता. आणि हाच पुढें त्याचा अपराध ठरला.

आफ्रिका व दक्षिण अमेरिका यांचे समोरासमोरचे किनारे एकमेकांस जुळतात, हें पूर्वींही अनेकांस दिसलें होतें. वेगेनरनें त्यापुढें जाऊन पुरावा गोळा केला. मेसोसॉरस नांवाच्या लहानशा सरपटणाऱ्या जलचराचे जीवाश्म ह्या दोन खंडांच्याच दक्षिण भागांत सांपडतात. एवढा महासागर तो प्राणी पोहून गेला असेल, हें संभवत नाहीं. ग्लॉसॉप्टेरिस वनस्पतीचीं पानें आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया व हिंदुस्थान येथील खडकांत उमटलेलीं आहेत. चंद्रपूरकडील कोळशाच्या खडकांतही तीं आढळतात. आज जेथें कडक ऊन पडतें, अशा ठिकाणींही प्राचीन हिमनद्यांच्या खुणा आहेत. तेव्हां सर्व खंडें एके काळीं एकत्र होतीं व मागाहून दूर सरलीं, असें मत त्यानें ६ जानेवारी १९१२ रोजीं फ्रांकफुर्ट येथें मांडलें. महायुद्धांत जखमी झाला असतांही त्यानें तें काम सोडलें नाहीं, व १९१५ सालीं ह्या विषयावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. दक्षिणेकडील त्या जोडभूमीस जगभर गोंडवन म्हणतात. ज्या गोंडांस आमचे शहरवासी मागासलेले समजतात, त्यांच्याच मुलुखावरून तें नांव पडलें आहे!

ह्या मताविरुद्ध दोन प्रकारचे आक्षेप निघाले. एवढीं खंडें कोणत्या शक्तीनें सरकलीं, असें कित्येकांनीं विचारलें. वेगेनरनें सांगितलेल्या शक्ति फारच दुबळ्या होत्या, म्हणून हा आक्षेप न्याय्य होता. परंतु हवामान पाहणाऱ्यानें खडकांविषयीं बोलूंच नये, असेंही कित्येकांचें म्हणणें होतें. पहिला आक्षेप शास्त्राचा, तर दुसरा केवळ सोवळ्याचा!

वेगेनर खचला नाहीं. १९२९ पर्यंत त्यानें ग्रंथाच्या चार आवृत्त्या काढल्या व प्रत्येकींत नवा पुरावा घातला. १९३० सालीं ग्रीनलंडच्या मध्यभागींच्या ठाण्यावर सामान पोंचविण्यास तो भयंकर थंडींत गेला. १ नोव्हेंबरला, आपल्या पन्नासाव्या वाढदिवशीं, तो परत निघाला व वाटेंतच वारला. पुढील मे महिन्यांत त्याचें प्रेत बर्फांत सांपडलें; सोबतचा ग्रीनलंडवासी रास्मुस विलुमसेन मात्र कधींच सांपडला नाहीं.

सुमारें तीस वर्षांनीं समुद्राच्या तळाची पाहणी झाली. तेथें फटींतून नवा खडक सतत तयार होऊन तळ दोहों बाजूंस पसरतो, हें खडकांतील चुंबकीय पट्ट्यांवरून सिद्ध झालें. खंडें वर्षाकांठीं कांहीं सेंटिमीटर सरकतात, हें आज प्रत्यक्ष मोजतां येतें.

आमचे व्यापारी बंधु वही तपासतांना जमाखर्चाची नोंद पाहतात, ती लिहिणाऱ्याचें कूळ पाहत नाहींत. हाच न्याय विचारांस लावावा, एवढेंच आमचें मागणें आहे. पुरावा कच्चा असेल तर अवश्य नाकारावा. पण स्त्री बोलली, खालच्या समजलेल्या जातीचा मनुष्य बोलला किंवा परक्या धंद्याचा बोलला, म्हणून कान झांकूं नयेत. पायांखालची भूमि सरकते, हें मान्य करावयास विद्वानांस अर्धें शतक लागलें. आमच्या रूढीही सरकूं शकतात, हें मान्य करावयास आम्हीं किती शतकें घ्यावीं?