हजार डावांची वही

विद्यार्थी मित्रांनो, बुद्धिबळाचा खेळ तुमच्या ओळखीचा आहेच. घरी तुम्ही त्याला शतरंज म्हणत असाल. वजीर, प्यादे, शह, मात हे शब्द मराठीत आणि उर्दूत जवळजवळ सारखेच आहेत. एखाद्या सुट्टीत मोठ्या भावाने किंवा मामांनी पट मांडून तुम्हांला सोंगट्यांच्या चाली शिकवल्या असतील. पण चाली समजल्या म्हणजे खेळ आला, असे होत नाही. मग पुढे शिकायचे कसे? शिकवणारा कोणी जवळ नसेल तर काय करायचे? एका मुलाने या प्रश्नाचे उत्तर आपल्या वहीत शोधले. त्याचे नाव पॉल केरेस.

युरोपच्या उत्तरेला बाल्टिक समुद्राच्या काठी एस्टोनिया नावाचा लहानसा देश आहे. तेथील नार्वा या गावी ७ जानेवारी १९१६ रोजी पॉलचा जन्म झाला. त्याचे बालपण पर्नू या समुद्रकाठच्या गावात गेले. वडिलांना बुद्धिबळाची आवड होती. त्यांच्यामुळे पॉलला आणि त्याचा मोठा भाऊ हॅराल्ड यालाही या खेळाचा नाद लागला. दोघे भाऊ तासन् तास पटासमोर बसत. पण गाव लहान होते. तेथे बुद्धिबळाची पुस्तके मिळत नसत.

अशा वेळी वर्तमानपत्र त्यांच्या मदतीला आले. त्यात बुद्धिबळाची कोडी छापून येत. ती पाहता पाहता पॉलला एक मोठी गोष्ट कळली. ती म्हणजे बुद्धिबळाचा डाव लिहून ठेवता येतो! पटावर चौसष्ट घरे असतात. उभ्या आठ रांगांना अक्षरे देतात आणि आडव्या आठ रांगांना १ ते ८ असे आकडे. तुमच्या शाळेत तुकडी आणि हजेरीचा क्रमांक सांगितला की नेमका विद्यार्थी सापडतो ना? तसेच अक्षर आणि आकडा सांगितला की पटावरचे नेमके घर सापडते. त्यामुळे दूरच्या शहरात खेळलेला डावही कागदावरून पुन्हा आपल्या पटावर मांडता येतो.

पॉलने मग एक काम हाती घेतले. जेथे जेथे एखादा डाव मिळेल, तेथून तो उतरवून घ्यायचा. असे करता करता त्याच्याजवळ हाताने लिहिलेले जवळजवळ एक हजार डाव जमले. एका डावात तीस-चाळीस चाली असतात. म्हणजे त्या मुलाने किती लिहिले असेल, याचा हिशेब तुम्हीच करून पाहा. ज्याला पुस्तक मिळाले नाही, त्याने आपले पुस्तक स्वतःच तयार केले.

गावात बरोबरीचे खेळाडूही कमी होते. म्हणून पॉल पत्राने बुद्धिबळ खेळू लागला. एक चाल पत्रात लिहून पाठवायची आणि उत्तराची वाट पाहायची. एक डाव संपायला कित्येक महिने लागत. एके काळी त्याचे असे सुमारे दीडशे डाव एकाच वेळी चालू होते! पत्राच्या खेळात घाई नसते. प्रत्येक चालीचा शांतपणे, खोलवर विचार करता येतो. वहीने त्याला थोरांचे डाव दाखवले आणि पत्रांनी त्याला विचार करायला शिकवले.

या अभ्यासाचे फळ लवकरच दिसले. १९३० साली, चौदाव्या वर्षी, पॉल आपल्या देशातील शालेय स्पर्धेत पहिला आला. १९३५ साली पोलंडमधील वॉर्सा शहरात देशोदेशींचे संघ जमले होते. त्या स्पर्धेत एस्टोनियाच्या संघात पहिल्या पटावर हा एकोणीस वर्षांचा तरुण बसला. पुढे १९३८ साली हॉलंडमध्ये एक मोठी स्पर्धा झाली. जगातील अव्वल आठ खेळाडू तिच्यात होते. अलेखिन, कापाब्लांका, ऑयवे, बॉटविनिक ही सारी जगप्रसिद्ध नावे. या स्पर्धेत केरेस आणि अमेरिकेचे रूबेन फाइन यांना सारखेच गुण मिळाले. पण आपसांतल्या दोन डावांपैकी एक केरेस यांनी जिंकला होता आणि दुसरा बरोबरीत सुटला होता. म्हणून पहिला क्रमांक त्यांचा ठरला. आता हा तरुण जगज्जेतेपदासाठी लढणार, असे सर्वांना वाटू लागले.

पण १९३९ साली दुसरे महायुद्ध पेटले. लहानशा एस्टोनियावर १९४० साली सोव्हिएत संघाने ताबा मिळवला, १९४१ साली जर्मनीने आणि १९४४ साली पुन्हा सोव्हिएत संघाने. जर्मनांच्या अमलात केरेस त्यांच्या स्पर्धांत खेळले होते. त्यामुळे युद्धानंतर त्यांच्याकडे संशयाने पाहिले गेले. काही काळ त्यांना मोठ्या स्पर्धांपासून दूर राहावे लागले. ऐन उमेदीची वर्षे अशी गेली. तरी त्यांनी अभ्यास सोडला नाही. १९४७ साली ते सोव्हिएत संघाचे विजेते झाले.

दरम्यान १९४६ साली जगज्जेते अलेखिन वारले. त्यांची जागा कोणी घ्यावी हे ठरवण्यासाठी १९४८ साली हेग आणि मॉस्को येथे पाच खेळाडूंची स्पर्धा झाली. ज्या संधीची केरेस दहा वर्षे वाट पाहत होते, ती हीच. पण या स्पर्धेत बॉटविनिक यांच्याविरुद्धचे पहिले चारही डाव ते हरले. पाचवा जिंकला, पण तोवर बॉटविनिक यांचे जगज्जेतेपद नक्की झाले होते.

मित्रांनो, एवढ्या मोठ्या पराभवानंतर माणूस काय करतो? पुष्कळदा तो आपला हरलेला डाव पुन्हा पाहतही नाही. केरेस यांनी मात्र या स्पर्धेवर एक पुस्तक लिहिले. तिच्यातील पन्नासच्या पन्नास डावांवर त्यांनी सविस्तर टिपणे दिली. त्यांत त्यांचे स्वतःचे हरलेले डावही होते. कोणती चाल चांगली, कोणती चुकीची, तिच्याऐवजी काय खेळायला हवे होते, हे त्यांनी समजावून सांगितले. स्वतःचे निवडक डावही त्यांनी असेच टिपणांसह प्रसिद्ध केले. नुसत्या चाली म्हणजे गणिताचे उत्तर. टिपणांसह डाव म्हणजे पायऱ्या दाखवून सोडवलेले गणित. ज्या मुलाला एके काळी पुस्तक मिळत नव्हते, त्याच्या पुस्तकांवरून अनेक देशांतील मुले बुद्धिबळ शिकली.

पुढेही जगज्जेतेपद त्यांच्या हातून निसटतच राहिले. जगज्जेत्याला आव्हान देणारा खेळाडू निवडण्यासाठी जी स्पर्धा होई, तिच्यात ते १९५३, १९५६, १९५९ आणि १९६२ असे ओळीने चार वेळा दुसरे आले. १९६२ साली तर ते फक्त अर्ध्या गुणाने मागे राहिले. मात्र आपल्या आयुष्यात त्यांनी नऊ जगज्जेत्यांना कधी ना कधी हरवले. १९७५ साली कॅनडातील एक स्पर्धा जिंकून ते घरी परतत होते. वाटेत हेलसिंकी येथे ५ जून रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

पुढे एस्टोनिया पुन्हा स्वतंत्र झाला. १९९२ साली त्या देशाने आपले चलन सुरू केले. त्यातील पाच क्रूनच्या नोटेवर केरेस यांचे चित्र छापले आणि मागच्या बाजूला त्यांच्या जन्मगावचा किल्ला. २०११ साली युरो आला, तोपर्यंत ती नोट लोकांच्या हातात फिरत होती. जगज्जेता न झालेल्या खेळाडूला त्याच्या देशाने असा मान दिला.

मित्रांनो, तुम्हीही एक वही करा. एखाद्या थोर खेळाडूचा टिपणांसह छापलेला डाव मिळवा. पुढची चाल कागदाने झाकून ठेवा. आपण असतो तर काय खेळलो असतो, याचा विचार करा. मगच कागद सरकवा आणि टिपण वाचा. आणि पुढच्या वेळी हरलात तर रागाने सोंगट्या विस्कटू नका. आधी तो डाव वहीत उतरवून घ्या. तुम्ही नेमके कोठे चुकलात, हे तुम्हांला त्याच पानावर सापडेल.