समुद्राला कान देणारा माणूस

लहानपणी नायगावच्या खाडीत डुंबताना कान पाण्याखाली गेले, की होडीच्या इंजिनाची धडधड अगदी जवळ ऐकू यायची. डोके वर काढून पाहावे, तर होडी कुठल्या कुठे! पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने धावतो आणि कितीतरी दूर पोचतो, हे कळायला पुढे बरीच वर्षे गेली. या आवाजाला कामाला लावणाऱ्या पॉल लांजव्हँची ओळख त्याहून उशिरा झाली.

१८७२ मध्ये पॅरिसला जन्मलेला लांजव्हँ हा पिएर क्यूरीचा विद्यार्थी. क्वार्ट्झचा स्फटिक दाबला की वीज निर्माण होते, हे पिएर आणि त्याचा भाऊ जाक यांनी १८८० मध्येच दाखवले होते. पण प्रयोगशाळेबाहेर त्या शोधाला फारसे कोणी विचारत नव्हते. पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या जहाजे बुडवू लागल्या, तेव्हा १९१५ पासून लांजव्हँ कामाला लागला. पोलादी पट्ट्यांत स्फटिक बसवून त्याने समुद्रात आवाज सोडला आणि १९१८ मध्ये पाणबुडीवर आपटून परतलेला प्रतिध्वनी टिपला. सोनारचा पाया घातला गेला तो असा.

येणाऱ्या फॅसिझमची चाहूलही त्याला लवकर लागली. १९३४ पासून तो उघडपणे विरोधात उभा राहिला आणि त्याची किंमत घरादाराने मोजली. ऑक्टोबर १९४० मध्ये जर्मनांनी त्याला तुरुंगात टाकले, मग त्रुआ गावी स्थानबद्ध केले. जावई जाक सोलोमोनला १९४२ मध्ये गोळ्या घातल्या. मुलगी एलेन ऑशविट्झच्या छळछावणीत गेली. ती जिवंत परतली. १९४४ मध्ये हा म्हातारा स्वित्झर्लंडला निसटला. डिसेंबर १९४६ मध्ये तो वारला.

पाणबुड्यांसाठी पाण्यात सोडलेल्या कानांना पुढे भलतेच काही ऐकू आले. बर्म्युडाजवळ अमेरिकी नौदलाच्या हायड्रोफोनवर हंपबॅक देवमाशांचे गाणे नोंदले गेले. १९७० मध्ये त्या गाण्यांची तबकडी निघाली आणि देवमासे वाचवण्याच्या चळवळीला बळ आले.

आपल्या अरबी समुद्रातले हंपबॅक बारमाही इथलेच. इतरांसारखे ते ध्रुवाकडे जात नाहीत. १९६० च्या दशकात सोव्हिएत जहाजांनी त्यांतले सुमारे २४० मारले. उरलेले इतके थोडे, की नजरेस पडणे कठीण. म्हणून ऐकायचे! गोव्याच्या किनाऱ्याजवळ पाण्याखाली ठेवलेल्या यंत्रांत त्यांचे गाणे मिळाले. त्यावरचा शोधनिबंध २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला.

खाडीच्या तोंडाशी उभा राहिलो, की मला वाटते, जहाजांच्या घरघरीत ते गाणे हरवू नये. लांजव्हँने कान दिला. ऐकायचे की नाही, हे आपल्यावर आहे.