नांगर खपवायचा होता, मासिक काढलं! सोलापूरच्या डॉक्टरांच्या मुलाची गोष्ट

सोलापूर : माल चांगला आहे, पण गिऱ्हाईक फिरकत नाही, ही ओरड आज गावोगावी ऐकू येते. घरचा गूळ असो नाहीतर कडक भाकरी, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकायचा, खाली एक नंबर क्वालिटी लिहायचं, झाली जाहिरात! शंभर वर्षांपूर्वी हीच अडचण एका कारखान्यापुढे होती. त्यातून वाट काढणाऱ्यांपैकी एक म्हणजे शंकर वासुदेव किर्लोस्कर, अर्थात शंवाकि.

त्यांचा जन्म ८ ऑक्टोबर १८९१ चा. वडील वासुदेवराव सोलापुरात डॉक्टर. काका लक्ष्मणराव यांनी बेळगावात १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार केला. पण लोखंडानं जमीन विषारी होते, अशी त्या वेळच्या शेतकऱ्यांची समजूत. पहिले नांगर खपायला बराच काळ लागला!

पुढं औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी जागा दिली आणि १९१० साली कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज हा भाग सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यात येतो. तिथं नांगर, कडबा कापायचं यंत्र, उसाचा चरक असा माल निघू लागला. माल कारखान्यात होत होता, पण तो घेणारा शेतकरी लांब खेड्यात. त्याच्यापर्यंत माहिती पोचणार कशी?

शंकरराव चित्रकला शिकलेले, लेखणीही चालणारी. जाहिरातीचं काम त्यांच्याकडं आलं. १९२० मध्ये किर्लोस्कर खबर हे पत्र निघालं. कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकापर्यंत जावी, हा त्याचा मूळ हेतू. पण निव्वळ जाहिरात दर महिन्याला कोण वाचणार? शंकररावांनी त्यात उद्योगधंदा, स्वावलंबन, समाजसुधारणा असे विषय घेतले. चित्रं, व्यंगचित्रं ते स्वतः काढत. लोक वाचायला लागले, आणि किर्लोस्कर हे नाव घराघरात गेलं. १९२९ पासून त्याचं नाव नुसतं किर्लोस्कर झालं. १९३० ला स्त्री आणि १९३४ ला मनोहर ही मासिकंही निघाली. कारखान्याच्या माहितीपत्रातून महाराष्ट्रातलं मोठं मासिक झालं, ते असं.

यातून आपण काय घ्यायचं? आधी वाचणाऱ्याच्या उपयोगाचं काहीतरी द्यायचं, मग आपला माल सांगायचा. दुसरं, गिऱ्हाइकाच्या मनातली शंका ओळखायची. त्या काळी भीती जमिनीची होती. आज गूळ घेणाऱ्याला भीती रसायनाची आहे. मग एक नंबर लिहिण्यापेक्षा ऊस कुठला, गूळ कधी केला, त्यात काय घातलं, किलोचा भाव किती, कुठं मिळेल आणि फोन कुणाला करायचा, एवढं साध्या बोलीत लिहा. शेळ्या विकणाऱ्यानं वय, वजन आणि लसीकरण सांगावं. आणि जे लिहाल ते खरंच असू द्या. नांगर शेवटी शेतात चालवूनच बघितला जातो, तिथं शब्द कामाला येत नाहीत.

शंकररावांनी शंवाकीय नावानं आपलं आत्मचरित्र लिहिलं. १ जानेवारी १९७५ रोजी ते गेले. जाहिरातीसाठी त्यांना छापखाना लागला होता, आपल्या तर खिशातच मोबाईल आहे. पुढची पोस्ट टाकण्याआधी गिऱ्हाईक काय विचारेल, तेवढं एकदा कागदावर लिहून बघा.