गाडगेबाबा: खराट्यापासून विश्वस्त संस्थेपर्यंत

सेवेच्या कामाला आधी पैसा आणि नोंदणी लागते, असा समज असतो. गाडगेबाबांच्या कामाचा क्रम मात्र उलटा होता.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. वडील दारूपायी लवकर गेले. डेबूजींचे बालपण आजोळी, दापुरे गावी, गुरे राखण्यात आणि शेतीत सरले. शाळा मिळाली नाही. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, सोबत मडक्याचे खापर आणि हातात खराटा, एवढेच त्यांचे भांडवल होते. त्या खापरावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले.

गावात शिरले की ते आधी रस्ते झाडत. ते पाहून गावकरीही हात लावत. रात्री कीर्तन होई. कर्ज, दारू, पशुबळी आणि अस्पृश्यता यांवर ते श्रोत्यांनाच प्रश्न विचारत. या कामाला सभासद नव्हते, पदाधिकारी नव्हते, कार्यालयही नव्हते. पूर्णा नदीकाठी ऋणमोचन येथे यात्रेकरूंसाठी घाट झाला, तो लोकांच्याच मदतीने.

पैसा आला तो या विश्वासातून. बाबा स्वतःसाठी काही ठेवत नाहीत, हे लोक पाहत होते. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपुरात विठ्ठलमंदिराची दारे अस्पृश्यांना बंद होती, त्या काळात तिथे त्यांच्या निवाऱ्यासाठी चोखामेळा धर्मशाळा झाली. पुढे बाबांनी ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली.

इमारती झाल्या की नवा प्रश्न येतो: मालक कोण? रस्ता झाडायला कागद लागत नाही. धर्मशाळेची जागा, तिचा हिशेब आणि देखभाल मात्र एका माणसाच्या शब्दावर पिढ्यान्‌पिढ्या टिकत नाही. वारसांनी हक्क सांगितला, तर लोकांचा पैसा खासगी होतो. म्हणून बाबांनी कारभार विश्वस्तांकडे सोपवला आणि स्वतःचा किंवा कुटुंबाचा हक्क ठेवला नाही. १९५२ मध्ये गाडगे महाराज मिशन स्थापन झाले. तोवर घर सोडून ४७ वर्षे झाली होती.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे प्रवासातच त्यांचे निधन झाले. नोंदणीने त्यांचे काम सुरू झाले नव्हते. लोकांनी उभे केलेले लोकांचेच राहावे, एवढ्यासाठी ती लागली. धर्मशाळा त्यांच्या मागेही चालू राहिल्या.