पाच पैशांचं तिकीट आणि यशवंतराव चव्हाण

मागच्या वर्षी आमच्या वर्गातल्या एका मुलीनं मुरबाडहून एक जुना लिफाफा आणला होता. तिच्या परदादांनी 1971 च्या डिसेंबरात भिवंडीला बहिणीला लिहिलेलं उर्दू पत्र. घरची खैरियत आणि लूम पुन्हा चालू झाला का याची विचारपूस, एवढाच मजकूर. पण लिफाफ्यावर नेहमीच्या तिकिटाच्या शेजारी पाच पैशांचं आणखी एक छोटं तिकीट होतं, शरणार्थी सहायतेचं. मुलांनी विचारलं, हे कसलं? त्याचं उत्तर देता देता आम्ही यशवंतराव चव्हाणांपर्यंत पोहोचलो.

यशवंतरावांचा जन्म 12 मार्च 1913 चा, देवराष्ट्रे या आजोळच्या गावी. वडील लवकर गेले, आई विठाबाईंनी हलाखीत मुलं वाढवली. कराडला शाळेत असतानाच ते स्वातंत्र्य चळवळीत पडले आणि तुरुंगात गेले. पुढे वकिली, आमदारकी, 1956 मध्ये द्विभाषिक मुंबई राज्याचं मुख्यमंत्रीपद आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री. शहापूर-मुरबाडच्या पाड्यापाड्यांवर ज्या जिल्हा परिषदेच्या शाळा दिसतात, ती जिल्हा परिषदेची व्यवस्था त्यांच्याच काळात, 1962 मध्ये उभी राहिली. आम्ही शिक्षक लोक हे विसरू शकत नाही.

1962 च्या नोव्हेंबरात चीनपुढे फौज मागे हटत असताना नेहरूंनी त्यांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावलं. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं तेव्हा लोक म्हणायचे. 1965 च्या युद्धात तेच संरक्षणमंत्री होते. वीर अब्दुल हमीद शहीद झाले ते याच युद्धात, हे आपल्या मुलांना सांगावं लागत नाही.

मग ते गृहमंत्री झाले, आणि इथे आमची कलम जरा अडखळते. मे 1970 मध्ये भिवंडीत दंगल पेटली. जळगाव आणि महाडही त्यात होरपळले. देशाचे गृहमंत्री तेव्हा यशवंतरावच होते. कायदा-सुव्यवस्था राज्याचा विषय आहे, आणि राज्यात सरकार वसंतराव नाईकांचं होतं, हे खरं. पोलिसांच्या वागण्यावर मादन आयोगानं पुढे कडक ताशेरे ओढले, हेही नोंदलेलं आहे. पण शहापूरच्या आणि मुरबाडच्या कित्येक घरांची सोयरीक भिवंडीत. तिथे ज्याचा लूम जळला त्याला राज्य आणि केंद्र यांतला फरक समजावून काय मिळणार होतं? त्या लिफाफ्यातली लुमाची विचारपूस तिथूनच आलेली आहे.

जून 1970 मध्ये यशवंतराव अर्थमंत्री झाले. वर्ष उलटायच्या आत, 25 मार्च 1971 च्या रात्री, पाकिस्तानच्या लष्करानं ढाक्यात आपल्याच नागरिकांवर बंदुका चालवल्या. मारणारेही कलमा पढणारे आणि मरणाऱ्यांतलेही असंख्य कलमा पढणारे. बंगाली हिंदूंना तर वेचून लक्ष्य केलं गेलं. सुमारे एक कोटी माणसं सरहद्द ओलांडून बंगाल, त्रिपुरा, आसाम, मेघालयात आली. त्यांत हिंदूंचं प्रमाण फार मोठं होतं, पण सरकारनं हा आकडा मुद्दामच गाजवला नाही. इथे दंगली भडकतील, ही भीती होती. भिवंडीची राख थंड झाली नव्हती, त्यामुळे ही खबरदारी आम्हाला शहाणपणाची वाटते.

एवढ्या लोकांना खायला घालायचं तर पैसा हवा, आणि तिजोरी यशवंतरावांकडे. त्या ऑक्टोबरात सरकारनं वटहुकूम काढून रेल्वेचं भाडं, विमानप्रवास आणि टपालावर जादा कर बसवला. 15 नोव्हेंबरपासून पाच पैशांचं तिकीट आलं. नवीन छापायला वेळ नव्हता, म्हणून आधी कुटुंबनियोजनाच्या जुन्या तिकिटांवरच शरणार्थी सहायतेचा शिक्का मारला गेला. म्हणजे मुरबाडच्या माणसानं भिवंडीला पत्र टाकलं तरी पाच पैसे त्रिपुराच्या छावणीच्या नावानं जात होते.

3 डिसेंबरला पाकिस्तानच्या विमानांनी आपल्या विमानतळांवर हल्ला केला आणि उघड युद्ध सुरू झालं. राष्ट्रसंघाच्या आमसभेत युद्धबंदी करून फौजा मागे घेण्याच्या बाजूनं 104 देशांनी मत दिलं, विरोधात फक्त 11. दुसऱ्याच्या घरात जुलूम चालला असला तरी फौज घुसवायची नाही, हा जगाचा कायदा. मग घरातली माणसं मरत असतील तर शेजाऱ्यानं दाराबाहेर उभं राहून बघायचं का? हा सवाल भारतानं तेव्हा जगापुढे टाकला. 16 डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली, सुमारे 93 हजार कैदी हाती आले. आणि मार्च 1972 मध्ये आपली फौज परत फिरली. आम्हाला यातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. इराकमध्ये 2003 साली जे घुसले ते वर्षानुवर्षं बसून राहिले. लिबियात 2011 मध्ये लोकांना वाचवायला म्हणून बॉम्ब पडले आणि मुल्कच मोडून गेला. उलट बोस्नियात, 1995 मध्ये स्रेब्रेनिकाला, राष्ट्रसंघाचे सैनिक हजर असून हजारो मुसलमान कापले गेले. घुसण्याचे गुन्हे आहेत तसे न घुसण्याचेही आहेत.

भारताच्या मदतीत निव्वळ दया होती, असं मात्र आम्ही मुलांना शिकवत नाही. पाकिस्तान दुभंगण्यात देशाचा फायदा होता, आणि तो सगळ्यांना दिसत होता.

यशवंतराव ऑक्टोबर 1974 मध्ये परराष्ट्रमंत्री झाले. 15 ऑगस्ट 1975 ला ढाक्यात शेख मुजीबना कुटुंबासह मारण्यात आलं. ज्या मुल्कासाठी साऱ्या देशानं पाच-पाच पैसे दिले, त्याच्या नेत्याचा असा खून झाला तरी या वेळी भारतानं फौज पाठवली नाही. सरहद्दीवर कोटीभर माणसं उभी नव्हती, कुणी बोलावलंही नव्हतं. जाणं बरोबर असतं का? नववीच्या वर्गात यावर मुलांचे दोन तट पडले आणि घंटा झाली तरी भांडण मिटलं नाही.

पुढे 1979 मध्ये ते उपपंतप्रधान झाले. 1983 मध्ये पत्नी वेणूताई गेल्या, त्यानंतर ते खचले. 25 नोव्हेंबर 1984 ला दिल्लीत त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी त्यांचं कृष्णाकाठ हे आत्मचरित्र आलं होतं, पण ते 1946 पर्यंतच येऊन थांबतं. त्यामुळे भिवंडीबद्दल किंवा ढाक्याबद्दल त्यात काही सापडत नाही. पाच पैशांचं तिकीट मात्र मार्च 1973 पर्यंत चाललं. तो लिफाफा आम्ही प्लास्टिकच्या पिशवीत घालून मुलीला परत दिला, तिच्या दादीनं तो पुन्हा पेटीत ठेवलाय.