राखाडी कागद आणि हट्टी फ्रिश

मित्रांनो, प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री होस्टेलवर उत्तर आधी ठरतं आणि रीडिंग मागाहून येतं, हे काही गुपित नाही! म्हणूनच कार्ल फॉन फ्रिश या माणसाची गोष्ट आपल्याला माहीत असायला हवी.

फ्रिश यांचा जन्म २० नोव्हेंबर १८८६ रोजी व्हिएन्नात झाला. वडील सर्जन, मामा झिगमुंड एक्सनर शरीरक्रियाशास्त्राचे नामवंत प्राध्यापक. साहजिकच स्वारी मेडिकलला गेली, पण मन रमेना. शेवटी ते सोडून त्यांनी प्राणिशास्त्र धरलं. ब्रँच चेंजच म्हणा ना! पुढे म्युनिकला ते मिनो नावाच्या गोड्या पाण्यातल्या छोट्या माशावर काम करू लागले. टाकीचा तळ बदलला की हा मासा अंगाचा रंग बदलतो. म्हणजे त्याला रंग दिसत असणार, असं फ्रिशना वाटलं.

इथेच गाडी अडली. म्युनिकचे प्रख्यात नेत्रतज्ज्ञ कार्ल फॉन हेस यांचं ठाम मत होतं की मासे पूर्ण रंगांध असतात. त्यांनी माशांसमोर इंद्रधनुष्यी पट्टा टाकला, तेव्हा मासे पिवळ्या-हिरव्या भागात जमले. रंगांध माणसालाही तोच भाग सर्वांत उजळ दिसतो. झालं, निकाल लागला! एवढ्या मोठ्या प्राध्यापकासमोर पंचविशीतल्या पोराचं कोण ऐकणार?

फ्रिश वाद घालत बसले नाहीत. त्यांनी माशांना एका ठरावीक रंगाजवळ खाऊ घालून सवय लावली. मग तोच रंग फिक्यापासून गडदपर्यंतच्या अनेक राखाडी छटांमध्ये ठेवला. युक्ती साधी आहे. मासा रंगांध असेल तर यांतली कुठली तरी राखाडी छटा त्याला हुबेहूब त्या रंगासारखी दिसेल आणि तो फसेल. पण मासे फसले नाहीत. खाऊ नसतानाही ते बरोबर आपल्या रंगाकडे गेले! हीच राखाडी कागदांची परीक्षा त्यांनी मधमाश्यांवरही घेतली आणि १९१४ मध्ये त्यांनाही रंग दिसतात हे सिद्ध केलं.

गंमत म्हणजे दृष्टीवर संशोधन करणाऱ्या या माणसाची स्वतःची नजर अधू होती. त्यामुळे पहिल्या महायुद्धात त्यांना सैन्यात जावं लागलं नाही.

खरी परीक्षा पुढे होती. आईकडची आजी ज्यू वंशाची, एवढ्या कारणावरून १९४१ मध्ये नाझी सरकारने त्यांना नोकरीतून काढायचं ठरवलं. त्याच सुमारास नोसेमा रोगाने मधमाश्या मरत होत्या. फ्रिश यांची गरज होती, म्हणून निर्णय युद्ध संपेपर्यंत लांबला. आयुष्यभराची विद्या अशी कामी आली. १९७३ मध्ये लोरेन्झ आणि टिनबर्गन यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं. १२ जून १९८२ रोजी म्युनिकमध्ये त्यांचं निधन झालं.

खाऊ देऊन माशालाच प्रश्न विचारायची ही पद्धत पुढे प्रवाळातल्या माशांपर्यंत पोहोचली. तिथल्या अँबॉन डॅमसेलफिशला एकमेकांच्या चेहऱ्यावरची अतिनील नक्षी ओळखता येते, हे २०१० मध्ये असंच शिकवून दाखवण्यात आलं. आपल्या डोळ्यांना ती नक्षी दिसतच नाही!

तेव्हा दोस्तहो, पुढच्या वेळी हवं ते रीडिंग मिळालं की लगेच सबमिशनला पळू नका. हे दुसऱ्या कशामुळे तर आलं नाही ना, असा एक राखाडी कागद शेजारी ठेवून बघा.