विश्लेषण : स्मरणचित्राचा पेपर आणि रावबहादूर धुरंधर

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा जवळ आल्या, की इतवारीतल्या स्टेशनरीच्या दुकानांत ड्रॉइंग पेपर, पोस्टर कलर आणि ब्रश यांची विचारणा वाढते. पालकांचा प्रश्न बहुधा एकच असतो : ए ग्रेड मिळेल का? इंटरमिजिएटच्या श्रेणीनुसार दहावीला ७, ५ किंवा ३ वाढीव गुण मिळतात, त्यामुळे प्रश्न साहजिक आहे. पण चित्राला गुण द्यायचे तर नेमके काय तपासायचे? याचे चांगले उत्तर एका चित्रकार-शिक्षकाच्या आयुष्यात सापडते. ते म्हणजे रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर.

धुरंधर कोण होते?

त्यांचा जन्म १८ मार्च १८६७ चा. बालपण आणि शालेय शिक्षण कोल्हापुरात झाले. आबालाल रहिमान यांच्याकडून त्यांना चित्रकलेचे सुरुवातीचे धडे मिळाले. जानेवारी १८९० मध्ये ते मुंबईच्या सर जे. जे. कला शाळेत दाखल झाले. १८९५ मध्ये त्यांच्या ‘हॅव यू कम लक्ष्मी?’ या चित्राला बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. पुढच्याच वर्षी ते त्याच संस्थेत शिक्षक झाले. १९१० मध्ये मुख्याध्यापक, १९२७ मध्ये रावबहादूर आणि १९३० मध्ये हंगामी संचालक, अशी त्यांची वाटचाल झाली. इंग्रजांच्या हाती असलेल्या त्या पदावर बसलेले ते पहिले भारतीय. १९३१ मध्ये ते निवृत्त झाले. विद्यार्थी आणि शिक्षक म्हणून त्या इमारतीत गेलेल्या काळाची हकीकत त्यांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ या आत्मचरित्रात लिहिली. १ जून १९४४ रोजी त्यांचे निधन झाले.

चित्राला श्रेणी देण्याची पद्धत कुठून आली?

लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील कलाशिक्षणातून. तिथे १८५३ नंतर चित्रकलेचे २३ टप्पे ठरवले गेले. आधी सरळ रेषा आणि बाह्याकृती, मग छायाप्रकाश, मग रंग, असा तो क्रम. टप्पे ठरले की परीक्षा घेता येते आणि निकालही मोजता येतो. या पद्धतीत तयार झालेले जॉन ग्रिफिथ्स १८६५ मध्ये मुंबईत आले आणि १८९५ पर्यंत जे. जे. मध्ये राहिले. धुरंधर त्यांचे विद्यार्थी. पुढे शाळांमधील रेखाकलेच्या सरकारी परीक्षाही याच वळणाने रुजल्या. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १९६५ मध्ये कला संचालनालय स्थापन झाले. आज नागपूरचा विद्यार्थी देतो ती परीक्षा हेच संचालनालय घेते.

मग या पद्धतीत धुरंधरांचे वेगळेपण काय?

त्यांनी साचा नाकारला नाही. प्रमाण, यथार्थदर्शन, मानवाकृतीची बांधणी हे सगळे ते काटेकोरपणे शिकले आणि तसेच शिकवत राहिले. पण हाताला आलेली शिस्त त्यांनी आपल्या भोवतालाकडे वळवली. बाजार, लग्नघर, घाट, सणाची गर्दी, निरनिराळ्या जातीजमातींचे पोशाख, डोक्यावरची पगडी आणि लुगड्याची तऱ्हा हे सारे त्यांनी अगणित रेखाटनांत टिपले. ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ (१९१४) आणि ‘विमेन ऑफ इंडिया’ (१९२०) या इंग्रजी पुस्तकांतील त्यांची चित्रे याच निरीक्षणातून आली. नवी दिल्लीच्या सचिवालयासाठी त्यांनी काढलेल्या भित्तिचित्रांतही गर्दीतला प्रत्येक माणूस वेगळा उभा राहतो.

त्यांच्यावर टीका का झाली?

बंगालमध्ये ई. बी. हॅवेल आणि अवनींद्रनाथ टागोर यांनी पाश्चात्त्य वास्तववादी शिक्षणाला विरोध केला. त्या नजरेतून मुंबईची चित्रकला परकी ठरली. खुद्द जे. जे. मध्येही ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी १९१९ नंतर जिवंत मॉडेलवरून अभ्यास आणि भित्तिचित्रणाचा वर्ग यांना महत्त्व देऊन नवी दिशा धरली. धुरंधर या वादळात आपल्या मार्गावर राहिले. कल्पकतेपेक्षा अचूकतेला जास्त मान मिळतो, हा आक्षेप त्यांच्या परंपरेवर आजही घेतला जातो, आणि तो पूर्णपणे खोडता येत नाही.

आजच्या परीक्षार्थीसाठी यात काय आहे?

एलिमेंटरीत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र-नक्षीकाम आणि भूमिती-अक्षरलेखन असे विषय असतात. वस्तुचित्रात घागरीच्या तोंडाची लंबवर्तुळाकृती चुकली की ते लगेच दिसते, त्यामुळे तिथे गुण देणे तुलनेने सोपे. खरी अडचण स्मरणचित्राची. फुगेवाला, बसथांबा, भाजीबाजार यांची ठरावीक मांडणी घोकून घेतली, तर कागद भरतो, गुणही मिळू शकतात. पण पन्नास मुलांचा फुगेवाला एकाच अंगाने उभा राहतो, तेव्हा स्मरण कोणाचे तपासले जाते? मुलाचे की शिकवणीचे?

धुरंधरांची गर्दी पाठांतरातून आली नव्हती. ती रोजच्या बघण्यातून आली होती. इतवारीतल्या मुलाला त्यासाठी दूर जावे लागत नाही. हातगाडी ढकलताना पाठीला येणारा बाक, पोते उचलणाऱ्याचे रोवलेले पाय, सराफाच्या गादीवर मांडी घालून बसलेले गिऱ्हाईक, हे सारे दाराबाहेरच आहे. चित्रकलेच्या तासाला वही घेऊन अर्धा तास बाजारात उभे राहता आले, तर श्रेणी देणाऱ्यालाही तपासण्याजोगे काही मिळेल. दहावीला मिळणारे ७ गुण एकदाच उपयोगी पडतात. बघायची सवय लागली, तर ती पुढेही टिकते.